ॲनोडायझिंग पॉवर सप्लाय (लहान भागांसाठी)

ॲनोडायझिंग पॉवर सप्लाय हा धातूच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर वाढविण्यासाठी एकदिश विद्युत प्रवाह पुरविणारा संच होय. स्क्रू, घड्याळाचे भाग, दागिने अशा लहान वस्तूंसाठी संच निवडताना त्याच्या कमाल क्षमतेपेक्षा अल्प प्रवाह स्थिर राखण्याची क्षमता अधिक महत्त्वाची ठरते.

== ॲल्युमिनियम ==
सुमारे १५ ते २० टक्के सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात वस्तू धनाग्राला जोडतात. दर चौ. सेंमी.ला साधारणतः १० ते १५ मिलिअँपिअर प्रवाह आणि १२ ते २० व्होल्ट विद्युतदाब लागतो. त्यानुसार ५ चौ. सेंमी. पृष्ठभागाच्या वस्तूला केवळ ५० ते ७५ मिलिअँपिअर पुरतात. संचाचा प्रवाह १० मिलिअँपिअरच्या टप्प्यांनीच बदलत असल्यास एका टप्प्याची चूक १३ ते २० टक्के होते. म्हणून १ मिलिअँपिअरपर्यंत नियंत्रण असलेला, स्थिर प्रवाह देणारा संच घेतात किंवा अनेक वस्तू एकत्र टांगून एकूण प्रवाह वाढवितात.

टांगण्याच्या ॲल्युमिनियम तारेचे क्षेत्रफळही हिशेबात धरावे लागते. १ मिमी. व्यासाच्या तारेचा ५ सेंमी. भाग द्रावणात बुडाल्यास सुमारे १.६ चौ. सेंमी. पृष्ठभाग वाढतो. तो न धरल्यास वस्तूवरील थर अपेक्षेपेक्षा पातळ राहतो.

ऑक्साइड विद्युतनिरोधक असल्याने तारेची पकड घट्ट असणे आवश्यक असते. एकत्र टांगलेल्या वस्तूंपैकी एकीचा संपर्क तुटल्यास ती कोरी राहते आणि तिच्या वाट्याचा प्रवाह इतर वस्तूंत विभागला जातो.

== टायटॅनियम ==
टायटॅनियमवर दिसणारा रंग थराच्या जाडीवर आणि ती जाडी मुख्यतः विद्युतदाबावर अवलंबून असते. सुमारे ३० व्होल्टला निळा, तर ५५ व्होल्टच्या आसपास पिवळा रंग मिळतो. सर्व रंगांसाठी ० ते सुमारे ११० व्होल्ट बदलता येणारा, प्रवाहमर्यादा असलेला संच सोयीचा असतो.

== सुरक्षितता ==
ऑटोट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर जोडून केलेला संच २३० व्होल्टच्या घरगुती विजेपासून विलग नसतो. त्याला जोडलेल्या द्रावणाचा स्पर्शही प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे विलगन ट्रान्सफॉर्मर असलेलाच संच वापरणे आवश्यक असते. वस्तू हाताळण्यापूर्वी वीज बंद करतात. ऋणाग्रावर ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निर्माण होत असल्याने जागा हवेशीर ठेवतात.