वेदनाशामक इंजेक्शन-मिश्रणांची स्थैर्यचाचणी

कारखान्यातून आलेले वेदनाशामक सलाइनमध्ये पातळ केल्यावर किंवा दुसऱ्या औषधात मिसळल्यावर किती काळ मूळ ताकदीनिशी टिकते, हे ठरवणारी रासायनिक तपासणी. अँप्यूलवर छापलेली मुदत न फोडलेल्या अँप्यूलची असते. फोडून औषध सलाइनमध्ये घातले की ती लागू राहत नाही; मिश्रणाचे आयुष्य नव्याने मोजावे लागते. कर्करोगाच्या रुग्णाला सिरिंज पंपाने मॉर्फीन दिवसभर थेंबाथेंबाने जाते, तेव्हा हा प्रश्न नुसता कागदावरचा राहत नाही. औषधाची ताकद उतरली तर दुखणे उसळते आणि दोष मात्र मात्रेला दिला जातो.

मॉर्फीन आम्लधर्मी द्रावणात चांगले टिकते. सामू वाढला, ऑक्सिजन व उजेड लागला, की त्याचे ऑक्सिडीभवन होऊन स्यूडोमॉर्फीन बनते आणि द्रावण पिवळसर, पुढे तपकिरी होते. तरीही रंगावरून ऱ्हास मोजता येत नाही. स्वच्छ दिसणारे द्रावण शाबूत आहे, असे मानणे ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी समजूत आहे.

चाचणीचा कणा म्हणजे एचपीएलसी यंत्रावरची मोजणी; हे यंत्र मिश्रणातले घटक वेगळे करून आलेखावर शिखरांच्या रूपात दाखवते. आधी औषध मुद्दाम नासवतात : आम्ल, अल्कली, हायड्रोजन पेरॉक्साइड, उष्णता आणि प्रकाश यांच्या माऱ्याने. नासलेल्या घटकांची शिखरे मूळ औषधाच्या शिखरापासून वेगळी दिसली, तरच पद्धत ग्राह्य. नाहीतर यंत्र नासके आणि शाबूत एकत्रच मोजते. मग प्रत्यक्ष वापराच्या सिरिंजमध्ये किंवा पिशवीत मिश्रण ठेवून ठरावीक अंतराने नमुने काढतात. सुरुवातीच्या किमान ९० टक्के औषध उरणे ही संशोधनात रूढ असलेली मर्यादा. सोबत सामू, रंग, गढूळपणा व कणही पाहतात.

कारखान्यातील औषधांच्या वेगवर्धित चाचणीसाठी ४० अंश सेल्सियस तापमान व ७५ टक्के आर्द्रता सहा महिने राखतात. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ, म्हणजे समर्थ रामदासांचे जन्मगाव, मे महिन्याच्या दुपारी या ४० अंशांपलीकडे जाते. प्रयोगशाळेने मुद्दाम निर्माण केलेला ताप इथे उन्हाळ्यात घरातल्या कपाटालाही सोसावा लागू शकतो. स्थूलमानाने तापमान १० अंशांनी वाढले की ऱ्हासाचा वेग दुप्पट वा अधिक होतो. म्हणून थंड दवाखान्यात मोजलेली मुदत अशा गावी तशीच लावू नये.

मिश्रणात ऱ्हासाआधी विसंगतीच अनेकदा आडवी येते. ट्रामाडॉल आणि डायक्लोफेनॅक, किंवा मॉर्फीन आणि किटोरोलॅक, एकाच सिरिंजमध्ये घेऊ नयेत, साका बसतो. डायक्लोफेनॅक शिरेतून द्यायचे तर सलाइन आधी सोडियम बायकार्बोनेटने अल्कधर्मी करावे लागते. अॅड्रिनॅलीन असलेल्या लिग्नोकेनचे उलट आहे : त्यात बायकार्बोनेट घातले की अॅड्रिनॅलीन लवकर नासते.

रासायनिक स्थैर्य म्हणजे निर्जंतुकता नव्हे. औषध सात दिवस शाबूत राहिले, तरी उघड्यावर भरलेली सिरिंज सात दिवस वापरता येत नाही. रासायनिक स्थैर्याची आणि निर्जंतुकतेची, या दोन मुदतींपैकी जी आधी संपेल ती खरी.

महाराष्ट्र अन्न व औषध प्रशासनाच्या औषध प्रयोगशाळा मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. जालना जिल्ह्याला शेवटची जवळची. रुग्णाच्या उशाशी केलेले मिश्रण मात्र तिथवर पोहोचत नाही. तेव्हा चाचणीचा आकडा हाताशी नसेल, तर मिश्रण लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच करावे, आणि सिरिंजवर औषधाचे नाव, प्रमाण, तारीख व वेळ लिहावी.