खरकट्या पाण्याची उलटी वाट

डिशवॉशर बसवायच्या पुस्तिकेत एक चित्र हमखास असतं. यंत्रातून निघालेली करडी नळी आधी वर चढते, ओट्याच्या खालच्या बाजूला जवळजवळ टेकते, तिथे क्लिपने अडकवलेली असते आणि मग खाली उतरून सिंकच्या ड्रेनला मिळते. याला 'हाय लूप' म्हणतात. विनिपेगमध्ये जुनं घर घेतलं आणि शनिवारी दुपारी स्वतःच डिशवॉशर बसवायला घेतलं, की हीच पायरी गाळावीशी वाटते. नळी सरळ जमिनीवरून नेली तरी यंत्र चालतंच की! चालतं, सिंक तुंबेपर्यंत. तुंबलं की सिंकमधलं पाणी सोपी वाट शोधतं, आणि ती वाट थेट तुमच्या धुतलेल्या ताटांपर्यंत जाते.

मराठीत यासाठी शब्द शोधावा लागत नाही. ताटाला लागलेलं ते खरकटं, कुणी तोंड लावलेलं ते उष्टं. खरकटं पाणी चांगल्या पाण्यात मिसळू नये हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पण ते नळाच्या आतून, कुणाला न दिसता, उलटं येऊ शकतं हे कळायला सगळ्या जगालाच वेळ लागला. त्यासाठी माणसं मेली.

यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगतो. इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफीन कॉक्रेन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. (त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. दोन्ही गोष्टींचा संबंध काहीच नाही, पण काळ डोळ्यासमोर यावा म्हणून सांगितलं.) कॉक्रेनबाईंकडे नोकर होते, आणि त्यांच्या हातून महागडी चिनी मातीची भांडी फुटत म्हणून त्या वैतागल्या, अशी कथा सांगतात. मग नवरा वारला, मागे कर्ज राहिलं आणि हौसेचा धंदा झाला. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं भांडी धूत होती. गिऱ्हाईक मात्र मुख्यतः हॉटेलं. घरात एवढं गरम पाणी होतं कुणाकडे?

बरोबर ४० वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच शिकागोत दुसरं जागतिक प्रदर्शन भरलं. लाखो पाहुणे आले, चांगल्या हॉटेलांत उतरले, बर्फाचं पाणी प्यायले आणि घरी गेले. मग वेगवेगळ्या शहरांतून अमीबाजन्य आमांशाच्या बातम्या येऊ लागल्या. कित्येक डॉक्टरांना वाटलं अपेंडिक्स आहे, आणि त्यांनी शस्त्रक्रियाही केल्या. टेक्सस गाइनन ही त्या काळची गाजलेली कलावती त्या हॉटेलांपैकी एकात राहून गेली होती. ती नोव्हेंबरमध्ये इकडे कॅनडात, व्हँकुव्हरला वारली. हजाराहून अधिक लोक आजारी पडले, ९८ दगावले. तपासात निघालं काय, तर हॉटेलांची जुनी प्लंबिंग. सांडपाण्याचे आणि पिण्याच्या पाण्याचे पाइप कुठे कुठे एकमेकांशी जोडले गेले होते आणि गळतीही होती.

शहराच्या नळातला दाब अचानक घटला, की नळ पाणी देत नाही, ओढतो. त्या क्षणी नळाचं टोक घाणीत बुडालेलं असेल, तर घाण आत जाते. यावरचा उपाय इतका साधा आहे की हसू येतं. मधे हवा सोडायची. पाणी मोकळ्या जागेतून खाली पडू द्यायचं, कारण हवेतून उलटं ओढता येत नाही. आज डिशवॉशरमध्ये पाणी जिथून आत येतं तिथे अशी हवेची फट कारखान्यातच ठेवलेली असते. ती शहराच्या पाण्याला जपते. बाहेरच्या नळीची कमान जपते तुमच्या ताटांना. ही दोन कामं वेगळी आहेत, हे लक्षात ठेवा.

आता विनिपेग. १९०१च्या जनगणनेत इथे ४२ हजार लोक होते, १९११ मध्ये १ लाख ३६ हजार. नळाला विहिरींचं पाणी, आणि तेही अपुरं. ऑक्टोबर १९०४ मध्ये ॲशडाउन यांच्या हार्डवेअरच्या दुकानाला मोठी आग लागली. ती विझवायला पाणी पुरेना, म्हणून असिनिबोइन नदीचं पाणी पिण्याच्या पाण्याच्या जाळ्यात सोडलं गेलं. त्या नदीत गावाचं सांडपाणी जात होतं. मग विषमज्वराची साथ उसळली. शिकागो विद्यापीठातले जीवाणुशास्त्रज्ञ एडविन जॉर्डन यांना चौकशीला बोलावलं गेलं.

पण आग हे एकच कारण नव्हतं. सगळ्यात जास्त हाल झाले रेल्वे यार्डाच्या पलीकडच्या नॉर्थ एंडचे. युक्रेनियन, पोलिश, ज्यू, जर्मन स्थलांतरितांची दाटीची वस्ती, आणि तिथल्या कितीतरी घरांना गटाराची जोडणीच नव्हती. तरी शहरातल्या प्रतिष्ठितांची तक्रार काय? हे परदेशी लोकच घाणेरडे, यांना राहायची रीत नाही. पाइप कुणी टाकला नाही हा प्रश्न मागे राहिला.

हा युक्तिवाद मराठी माणसाला अनोळखी वाटू नये. १९२७च्या मार्चमध्ये महाडला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं, तेही १०८ घागरी दूध, दही, शेण आणि गोमूत्र ओतून. पाण्यात काय मिसळलं तर ते बिघडतं, ही समज इथे चक्क उलटी झाली होती. विटाळ पाण्याचा नव्हताच, माणसांचा होता. आपल्याकडे सोवळं-ओवळं आधीपासून होतंच, म्हणून स्वच्छतेचं विज्ञान आपल्याला ठाऊक होतं, असं कुणी म्हणालं की मला हे १०८ घागरींचं गणित आठवतं.

विनिपेगने शेवटी लांबचं पाणी आणलं. ओंटारिओच्या हद्दीतल्या शोल लेकपासून सुमारे १५६ किलोमीटरचा कालवा १९१९ मध्ये पुरा झाला. पंप नाही, नुसत्या उतारावर पाणी येतं. इंजिनिअरिंग म्हणून भारीच. पण त्यासाठी शोल लेक ४० या फर्स्ट नेशनची जमीन घेतली गेली आणि खोदकामामुळे त्यांची वस्ती मुख्य भूमीपासून तुटली. शहर त्यांच्या तळ्याचं पाणी पीत असताना त्यांच्याकडे मात्र १९९७ पासून 'पाणी उकळून प्या' ही सूचना लागू होती. वर्षभर वापरता येणारा रस्ता, ज्याला 'फ्रीडम रोड' म्हणतात, तो झाला २०१९ मध्ये, आणि शुद्धीकरण केंद्र झाल्यावर २०२१ मध्ये ती सूचना उठली. तुमच्या डिशवॉशरमध्ये शिरणारं पाणी हेच.

तर आता सिंकखाली वाकूया. आधी ब्रेकर बंद करा आणि वीज खरंच गेली आहे का हे टेस्टरने बघा, नुसत्या लेबलवर विसंबू नका. यंत्राला स्वतंत्र सर्किट असलेलं बरं. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बांधलेल्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारा असू शकतात, आणि त्याहून जुन्या घरांत चिनी मातीच्या गुंडाळ्यांवरून नेलेल्या. त्या दिसल्या तर थांबा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. इथे काटकसर नको. नवीन तार ओढायची असेल तर परवान्याची चौकशीही आधीच करायची.

पाण्याचा व्हॉल्व्ह सिंकखाली असतो, पण जुना असेल तर बंद होत नाही. तेव्हा बेसमेंटमध्ये मीटरजवळचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते काम काढण्याआधी शोधून ठेवा. पुरवठ्याची नळी नवीनच घ्या, स्टीलची जाळी असलेली. हिशेब दहा-वीस डॉलरचा असतो, भिजलेल्या जमिनीचा नसतो. नट हाताने घट्ट करून मग पान्याने थोडासाच आवळा, जास्त जोर लावला की पितळी भाग चिरतो. आणि हे विनिपेग आहे. नळी बाहेरच्या भिंतीला चिकटून जात असेल तर उणे तीसच्या रात्री ती गोठू शकते, शक्यतो आतल्या बाजूने न्या.

ड्रेनची नळी ट्रॅपच्या आधी जोडायची, म्हणजे गटाराचा वायू यंत्रात येत नाही. सिंकला गार्ब्युरेटर असेल तर त्याच्या बाजूच्या तोंडातलं प्लास्टिकचं बूच आधी ठोकून काढा आणि पडलेला तुकडा आतून उचला. ते राहिलं तर पाणी जाणार कुठे? कमान ओट्याच्या खाली जितकी वर जाईल तितकी वर. कॅलिफोर्नियात असाल तर नुसती कमान चालत नाही, सिंकजवळ ओट्यावर वेगळी एअर गॅप बसवावी लागते.

यंत्र जागेवर गेलं की ते ओट्याला किंवा बाजूच्या कपाटांना स्क्रूने बांधा. बांधलं नाही, तर भरलेली खालची जाळी बाहेर ओढल्यावर सगळं धूड पुढे झुकतं, आणि उघड्या दारावर लहान मूल चढलं तर काय होईल हे सांगायला नको. मग एक रिकामी फेरी चालवा, खालची पट्टी काढून टॉर्च घेऊन आडवे व्हा आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. आठवड्याने पुन्हा बघा. बारीक गळती पहिल्या दिवशी दिसतेच असं नाही.