पाठीराख्यांचा दूत

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीने लिव्हरपूल क्लबच्या एकूण ९७ पाठीराख्यांचा बळी घेतला. लोखंडी कुंपणाने त्यांची वाट अडविली होती. दोष मात्र त्यांच्याच माथी मारला गेला. पाठीराखे निर्दोष होते, असा निर्वाळा ज्यूरीने २०१६ साली दिला. पाठीराखा म्हणजे आवरावयाचा जमाव, ही दृष्टीच या अन्यायाच्या मुळाशी होती, असे आम्हांस वाटते.

पुढे युरोपीय फुटबॉल महासंघाने २०१२-१३ च्या हंगामापासून आपल्या स्पर्धांतील क्लबांना ‘पाठीराखा संपर्क अधिकारी’ नेमणे बंधनकारक केले. क्लबचे निर्णय पाठीराख्यांना समजावून सांगावेत, त्यांची गाऱ्हाणी क्लबच्या कानी घालावीत, असे हे दुहेरी काम. जमावातील माणूस ओळखणे, हेच या पदाचे खरे प्रयोजन आम्ही मानतो.