७४ दिव्यांचं सिम्युलेशन

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट सिम्युलेशनची आहे, पण तिच्यात कॉम्प्युटर बराच उशिरा येतो.

साल १९४१, स्वीडनमधलं लुंड. एरिक होल्मबर्गला बघायचं होतं, की दोन गॅलेक्सी, म्हणजे दीर्घिका, जवळून गेल्या तर काय होतं. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. दिव्याचा उजेडही तसाच घटतो! मग या पठ्ठ्याने एकेका गॅलेक्सीसाठी ३७, असे ७४ दिवे मांडले. फोटोसेलने उजेड मोजायचा, त्यालाच ओढ समजायचं, त्या हिशोबाने दिवा सरकवायचा. परत मोजायचं, परत सरकवायचं. मी ऑफिसात लूप लिहितो. हा माणूस स्वतःच लूप झाला होता.

त्याला दिसलं, की जवळून जाताना गॅलेक्सींचा आकार बिघडतो, वेग कमी होतो आणि त्या एकमेकींत अडकू शकतात. पण पुढची तीसेक वर्षं हे फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

तेव्हा मोठं कोडं होतं लंबवर्तुळाकार गॅलेक्सींचं. सर्पिल भुजा नाहीत, थंड वायू जेमतेम, तारे म्हातारे आणि लालसर. प्रचलित मत असं, की वायूचा एकच प्रचंड ढग झटपट कोसळला आणि त्या बनल्या.

१९७२ मध्ये अलार आणि युरी तूमरे या भावांनी खऱ्या कॉम्प्युटरवर टकरी घडवल्या. आकाशात दिसणाऱ्या लांब शेपट्या स्क्रीनवर तशाच उमटल्या. १९७७ मध्ये अलारने पुढचं पाऊल टाकलं: दोन सर्पिल गॅलेक्सी एकजीव झाल्या, की ताऱ्यांच्या कक्षा विस्कटतात आणि उरते ती लंबवर्तुळाकार गॅलेक्सी.

यावर आक्षेप आला, आणि तो दमदार होता. या गॅलेक्सी सर्वाधिक सापडतात मोठ्या गुच्छांत. तिथे वेग सेकंदाला हजारेक किलोमीटर! एवढ्या वेगात भेट होते, पण जोडी जमत नाही.

उत्तर दोन पायऱ्यांत मिळालं. पहिली पायरी, छोटे समूह. तिथे वेग कमी, त्यामुळे विलीनीकरण तिथेच उरकतं आणि मग अख्खा समूह गुच्छात ओढला जातो. दुसरी, गुच्छाचं केंद्र. जड गॅलेक्सी फिरताना आजूबाजूच्या वस्तुमानाची ओढ ब्रेकसारखी काम करते. ती मंदावत केंद्राकडे घसरते आणि मधली राणी तिला गिळते. ऑस्ट्रायकर आणि ट्रेमेन यांनी ही कल्पना १९७५ मध्येच मांडली होती.

मग तूमरे जिंकले? थांबा. २००८ च्या सुमारास दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या काही गॅलेक्सी नीट मोजल्या गेल्या. वस्तुमान आजच्या मोठ्या लंबवर्तुळाकार गॅलेक्सींइतकं, पण आकार जेमतेम पाचवा हिस्सा! म्हणजे गाभा खूप आधी, वायूपासून झपाट्याने बनला होता. त्याच्याभोवतीचा पसारा नंतर, लहान गॅलेक्सी गिळून वाढला. दोन्ही पक्षांच्या हातात अर्धी-अर्धी गोष्ट होती.

आणि हे जेवण अजून चालू आहे. कन्या गुच्छाच्या मध्यावर एम८७ आहे, जिच्या कृष्णविवराचा फोटो २०१९ मध्ये आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला. २०१५ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी तिच्या कडेचे सुमारे ३०० ग्रहीय तेजोमेघ तपासले. त्यांच्या वेगांतून कळलं, की गेल्या एक अब्ज वर्षांत तिने मध्यम आकाराची एक अख्खी सर्पिल गॅलेक्सी गिळली आहे. विखुरलेल्या ताऱ्यांच्या वेगांत तिचा माग अजून शिल्लक आहे.

पुढच्या वेळी लॅपटॉप हँग झाला, की ते ७४ दिवे आठवा. भेटू पुढच्या भागात!