त्रिज्या : एका शब्दाची उकल

मराठीच्या अध्यापकाने ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात वर्तुळ आणि आलेख यांविषयी लिहावे, हे काही सभासदांना औचित्यास सोडून वाटेल. परंतु ज्या शब्दामुळे मी या विषयाकडे वळलो, तो आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘त्रिज्या’. मध्यबिंदूपासून परिघापर्यंत जाणाऱ्या त्या एकुलत्या रेषेत ‘तीन’ काय आहे, हे मी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. पुढे एकदा फळ्याच्या डाव्या अंगास वर्तुळ आणि उजव्या अंगास ‘साइन’ची नागमोडी रेघ उमटली. त्या दोहोंचे नाते न कळताच मी गणिताचा निरोप घेतला.

नात्याचे मूळ धनुष्यात आहे. आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनी परिघाच्या तुकड्याला चाप, म्हणजे धनुष्य मानले. त्याची दोन टोके जोडणारी दोरी ती ज्या किंवा जीवा. ग्रीक परंपरेत टॉलेमीने पूर्ण जीवांचे कोष्टक केले होते. आपल्याकडे मात्र जीवेचा अर्धा भाग घेतला गेला आणि हे पाऊल दिसते त्याहून मोठे आहे. अर्धी जीवा म्हणजे परिघावरील बिंदूची व्यासापासूनची उंची. हिला आधी ‘अर्धज्या’ म्हणत. वापराने ‘अर्ध’ गळाले आणि नुसती ‘ज्या’ उरली. (आपल्या भूमितीतली ‘जीवा’ मात्र अजून सबंधच आहे.)

ज्योतिषात वर्तुळाचे बारा भाग म्हणजे बारा राशी. तीन राशी ओलांडल्या की नव्वद अंश होतात, बिंदू माथ्यावर येतो आणि तेथे त्याची उंची मध्यापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी भरते. तीन राशींची ज्या म्हणून ती त्रिज्या! त्या नागमोडी रेघेच्या सर्वांत उंच शिखराचे नावच आपण वर्तुळाच्या मापाला दिलेले आहे आणि फळ्याच्या दोन्ही बाजू या एका शब्दात जोडलेल्या आहेत.

इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त ज्यांचे कोष्टक येते. परिघाच्या २१,६०० कला धरल्या तर त्याच मापाने त्रिज्या ३४३८ कला येते. पाव वर्तुळाचे चोवीस समान तुकडे केले की प्रत्येक तुकडा २२५ कलांचा होतो. आर्यभटाने प्रत्येक पावलाची उंची दिलेली नाही. उंचीत पडणारी भर दिली आहे. पहिल्या पावलाला २२५, मग २२४, २२२, २१९, २१५, २१०; आणि अखेरीस ३७, २२, ७. हे आकडे मी एका रात्री आलेख-कागदावर मांडले. आडव्या रेषेवर सारख्या अंतराने चोवीस खुणा केल्या आणि भर घालत घालत त्यांवर उंच्या उभ्या केल्या. शाळेतली ती रेघ माझ्या हातून उमटली, तेव्हा काही वेळ मी नुसता बसून राहिलो. आलेख काढण्याची रीत आर्यभटाच्या काळी नव्हती, पण वक्ररेषेचे सारे वळण त्या चोवीस आकड्यांत होते.

भर घटत का जाते? बिंदू परिघावर एकाच वेगाने चालतो. परंतु आरंभी त्याची चाल सरळ वर असते आणि माथ्याशी ती आडवी होते. म्हणून चढ आधी खडा, मग सपाट. पुढे उतार लागतो. अर्धा फेरा झाला की बिंदू व्यासाखाली जातो, उंची उणे होते आणि फेरा पुरा होताच तोच क्रम पुन्हा सुरू होतो. कोटिज्या ही याच लाटेची बहीण, फक्त ती शिखरापासून निघते. भास्कराचार्यांनी १९५० च्या आठ शतके आधी, इ. स. ११५० मधील ‘सिद्धांतशिरोमणी’त, ग्रहाची तात्कालिक गती काढताना या दोघींचे नाते वापरले : ज्येची वाढ त्या क्षणीच्या कोटिज्येच्या प्रमाणात असते.

हे ज्यांना कागदावर पटणार नाही त्यांनी उज्जैनला जावे. आपल्या ज्योतिषाची मध्यरेषा तेथूनच जाते. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने तेथे वेधशाळा बांधली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने तिची दुरुस्ती झाली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य उत्तरेकडे दररोज सुमारे २४ कला सरकतो, त्यामुळे शंकूची माध्यान्हीची छाया दिवसागणिक आखूड होते. २१ जूनच्या आगेमागे मात्र सूर्य जणू थबकतो आणि दिवसादिवसांत फरक असा जाणवतच नाही. वर्षभराची ही चढउतार जवळजवळ तीच लाट आहे.

शब्दाचा पुढचा प्रवास मजेचा आहे. ‘जीवा’ अरबीत ‘जीबा’ झाली. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि केवळ अक्षरांवरून तो शब्द ‘जैब’, म्हणजे वस्त्राची छातीजवळची खोळ, असाही वाचता येतो. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी तोच अर्थ धरून ‘सायनस’ लिहिले आणि त्याचे ‘साइन’ झाले. आम्हा माळव्यातील मराठी माणसांच्या तोंडी असलेली हिंदी ‘जेब’ त्याच ‘जैब’ची.

युरोपात सतराव्या शतकात फ्रान्सच्या रोबेर्व्हालने फिरत्या चाकाच्या अभ्यासात ही लाट काढली. आयलरने १७४८ मधील ग्रंथात त्रिज्या एक मानली आणि आजचे ‘एकक वर्तुळ’ रूढ होण्याची वाट मोकळी झाली. आता लाट एकापर्यंत चढते आणि उणे एकापर्यंत उतरते. आर्यभटाच्या उंच्यांना ३४३८ ने भागले की याच उंच्या हाती येतात. आठव्या पावलावर, म्हणजे तीस अंशांवर, पहिल्या आठ आकड्यांची बेरीज १७१९ होते. वाचकांनी ती भागून पाहावी.