खर्ऱ्याचे व्यसन: लक्षणे आणि उपचार

चंद्रपूर-गडचिरोलीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा सर्रास खाल्ला जातो. त्यातील निकोटीन आणि अरेकोलीन मेंदूला उत्तेजित करतात. तरतरी वाटते आणि सवय जडते.

व्यसन कसे ओळखाल?
उठल्याबरोबर खर्रा लागतो, न मिळाल्यास चिडचिड होते, सोडायचे ठरवूनही सुटत नाही.

उपचार
सोडण्याचा दिवस ठरवा. पहिले २-३ दिवस त्रास सर्वाधिक होतो. २ ते ४ आठवड्यांत ओसरतो. समुपदेशनासोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीन गम किंवा पॅच घ्या. तोंड कमी उघडत असल्यास पॅच सोयीचा. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?
तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, तिखट झोंबत असेल किंवा २ आठवड्यांत जखम भरत नसेल तर लगेच तपासून घ्या.