टेबलाकाठची खुर्ची

आधी टूटिंगला चला. दक्षिण लंडन, १९७०च्या दशकाची मधली वर्षं, दुपारची वेळ. शाळकरी मुलं वर्गात बसली आहेत आणि तुम्ही झॅन्स नावाच्या स्नूकर हॉलमध्ये उभे आहात. सिगारेटचा धूर, टेबलांवर खालपर्यंत लोंबणारे दिवे, बॉलवर बॉल आपटल्याचा कोरडा आवाज. एका टेबलाशी किडकिडीत, फिकट चेहऱ्याचा, डावखुरा मुलगा खेळतो आहे. खेळतो म्हणजे जवळजवळ पळतोच. एक बॉल पॉकेटमध्ये पडतो न पडतो तोच तो पुढच्या बॉलवर वाकलेला असतो. त्याला शिकवणारं इथे कुणी दिसत नाही, तरी पांढरा बॉल कुठे जाऊन थांबेल हे त्याला आधीच कळलेलं असतं.

मुलाचं नाव जिमी व्हाइट. जन्म २ मे १९६२. तारीख ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

या प्रवासाला अट एकच. पुढे काय घडणार ते तुम्हाला ठाऊक आहे आणि त्याला त्यातलं अक्षरही सांगायचं नाही. हे जड जाईल, पण स्नूकरपटूचं अर्धं आयुष्य नेमकं असंच, काहीही करता न येता, जातं. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने हा खेळ सुरू केला, असं मानतात. त्याचा गाभा साधा आहे. बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबल, पंधरा लाल बॉल, सहा रंगीत. एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल. लालचा एक गुण, काळ्याचे सात. जो चुकत नाही त्याच्याकडेच टेबल राहतं आणि दुसऱ्याने खुर्चीत बसून राहायचं. कॅरम खेळलेल्या कुणालाही हे कळेल: समोरच्याच्या सोंगट्या एकामागून एक पडत जातात आणि आपण नुसतं बघत बसतो. टेनिसमध्ये हरणाऱ्याला निदान शेवटच्या चेंडूमागे धावता येतं. इथे तेवढंही नाही.

म्हणून या प्रवासात टेबलावर नजर ठेवाच, पण खुर्चीकडेही बघत राहा.

१९८० साल. टास्मानियातल्या लॉन्सेस्टनमध्ये अठरा वर्षांचा जिमी हौशी खेळाडूंचा जगज्जेता होतो. त्याआधी इतक्या कमी वयात ते कुणालाच जमलेलं नव्हतं. त्याच वर्षी तो व्यावसायिक होतो. लोक त्याला ‘वावटळ’ म्हणू लागतात.

आता १९८२, शेफील्ड. क्रूसिबल थिएटर. १९७७ पासून जागतिक अजिंक्यपद इथेच होतं. आत पाऊल टाकताच तुम्ही दचकता, कारण टीव्हीवर भव्य दिसणारी ही जागा प्रत्यक्षात अगदी लहान आहे. हजारभरसुद्धा खुर्च्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या माणसाला खेळाडूचा श्वास ऐकू यावा इतकं टेबल जवळ.

उपांत्य सामना आहे. समोर अॅलेक्स हिगिन्स, जिमीचा आदर्श आणि त्याच्याच जातकुळीचा खेळाडू. सोळा फ्रेम, म्हणजे सोळा डाव, जिंकणारा अंतिम फेरीत जाईल. जिमी १५-१४ने पुढे आहे आणि चालू फ्रेममध्ये ५९-०ने. वय अवघं वीस, आणि हाताच्या अंतरावर जागतिक अंतिम सामना. एक लाल बॉल लांब पडलेला, म्हणून तो रेस्ट, म्हणजे क्यूला (खेळायच्या काठीला) टेकू देणारी दांडी, घेतो. बॉल पॉकेटच्या कडेला लागून बाहेर राहतो. जिमी खुर्चीत बसतो. हिगिन्स उठतो आणि अशक्य वाटणाऱ्या जागांवरून एकेक बॉल घालत ६९ गुण काढतो. हा ब्रेक, म्हणजे एका पाळीत सलग काढलेले गुण, आजही या खेळातल्या थोर ब्रेकांत गणला जातो. पुढची फ्रेम हिगिन्सची, सामनाही त्याचा, आणि दोन दिवसांनी अजिंक्यपदही त्याचंच.

तुमच्या मनात येतं, हरकत नाही, अजून विशीत आहे. १९८२ मध्ये सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

जानेवारी १९८४. वेम्बली, मास्टर्स स्पर्धा. पांढऱ्या सुटातला कर्क स्टीव्हन्स टेबलावर आहे, जिमी खुर्चीत. स्टीव्हन्स पंधराही लालांसोबत काळाच घालतो, मग सगळे रंग. १४७, म्हणजे या खेळात एका फ्रेममध्ये मिळवता येणारे सर्वाधिक गुण. जिमी खुर्चीतून उठतो आणि त्याला मिठी मारतो. लगेच पुढच्या फ्रेममध्ये स्वतः शतकी ब्रेक करून सामना ६-४ने जिंकतो आणि अखेर स्पर्धाही. दुसऱ्याच्या कौतुकाला उठायचं आणि मग आपला खेळ खेळायचा, हा या माणसाचा स्वभाव तुम्ही आत्ता पाहिलात. पुढच्या सगळ्या पराभवांत त्याला सोडू नका.

त्याच वर्षी मे महिन्यात पहिली जागतिक अंतिम फेरी, समोर स्टीव्ह डेव्हिस. पहिल्या दिवसाअखेर डेव्हिस १२-४ने पुढे. तुम्ही घरी निघण्याच्या तयारीत असता, पण दुसऱ्या दुपारी जिमी १३-११पर्यंत येऊन भिडतो. शेवटी १८-१६. डेव्हिस जिंकला, पण बाहेर पडणारे प्रेक्षक जिमीबद्दलच बोलत आहेत.

मधली वर्षं भरभर ओलांडू. मर्कन्टाइल क्लासिक, ग्रां प्री, ब्रिटिश ओपन अशा मानाच्या स्पर्धा त्याने जिंकल्या. १९९०च्या अंतिम सामन्यात एकवीस वर्षांच्या स्टीफन हेंड्रीने त्याला १८-१२ने हरवलं. १९९१ मध्ये जॉन पॅरटने पहिल्या सातही फ्रेम घेतल्या आणि १८-११ने सामना. तीन अंतिम सामने, तीन पराभव.

आता १९९२. इथे जरा थांबा.

पहिल्याच फेरीत टोनी ड्रॅगोविरुद्ध जिमी १४७ करतो. क्रूसिबलवर याआधी असा ब्रेक फक्त क्लिफ थॉर्बर्नने, १९८३ मध्ये केला होता. वाटतं, हे वर्ष त्याचंच. अंतिम सामन्यात पुन्हा हेंड्री. जिमी १४-८ने पुढे. अजून चारच फ्रेम हव्यात.

नीट बघा, कारण कारकीर्द हातातून निसटते तेव्हा काही स्फोट होत नाही. एक फ्रेम जाते. मग दुसरी. हेंड्रीची पद्धत एव्हाना सगळ्यांना पाठ झाली आहे: निळा बॉल घालतानाच पांढऱ्याला लालांच्या गर्दीत घुसवायचं, गर्दी फोडायची आणि मग त्याच पाळीत फ्रेम संपवायची. या पद्धतीपुढे खुर्चीतला माणूस पाणी पितो, क्यूच्या टोकाला खडू लावतो, क्यू पुसतो, पुन्हा पाणी पितो. १४-१०. १४-१२. १४-१४. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं, पण सांगणार काय? बसलेल्या माणसाला कुठला सल्ला उपयोगी पडतो? हेंड्री सलग दहा फ्रेम घेतो. १८-१४.

पुढच्या वर्षी पुन्हा हेंड्रीकडून हार, १८-५. अख्खं सत्र शिल्लक असताना अंतिम सामना संपलेला.

२ मे १९९४. ती तारीख आठवा. आज जिमीचा बत्तिसावा वाढदिवस. सहावी अंतिम फेरी, सलग पाचवी, आणि समोर पुन्हा हेंड्री. या स्पर्धेदरम्यानच हॉटेलच्या न्हाणीघरात घसरून हेंड्रीच्या कोपराचं हाड मोडलं आहे, तरी तो खेळतो आहे. हाही त्या काळाचा मोठा खेळाडू आहे, खलनायक नाही. १७-१७. शेवटची फ्रेम. जिमी ३७-२४ने पुढे, लाल बॉल मोकळे पडलेले, टेबल त्याच्याकडे. काळा बॉल आपल्या ठिपक्यावर, पॉकेट समोर. असा शॉट त्याने झॅन्समध्ये रोज मारला असेल.

तो वाकतो. प्रेक्षागृहात कुणी हलत नाही. क्यू थोडा घाईने पुढे जातो. काळा पॉकेटच्या जबड्यात आपटून बाहेर राहतो.

जिमी खुर्चीत जातो. हेंड्री उठतो आणि ५८ गुणांचा ब्रेक करतो. १८-१७.

थोड्या वेळाने हातात माइक येतो, तेव्हा जिमी हसत म्हणतो की हा हेंड्री आता मला वैताग आणू लागला आहे. सारं प्रेक्षागृह त्याच्याबरोबर हसतं आणि टाळ्या वाजत राहतात. मघाशी वेम्बलीला मिठी मारायला उठला होता, तोच हा माणूस.

लोक म्हणतात, त्या एका काळ्या बॉलने त्याला संपवलं. मला हे पटत नाही. ज्या वेगामुळे तो सहा वेळा इथवर आला, त्याच वेगाने या शॉटला त्याचा घात केला. हे दोन वेगळे जिमी नव्हते. दुसरी गोष्टही लपवू नये. दारू, जुगार आणि कोकेन यांनी त्याची किती वर्षं खाल्ली, हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहिलं आहे. हेंड्री आणि डेव्हिस जितक्या एकाग्रतेने सरावाच्या टेबलाशी उभे राहिले, तितका तो राहिला नाही. त्याची किंमत त्याने मोजली आणि दोष दुसऱ्या कुणाला दिला नाही.

१९९५ मध्ये उपांत्य फेरीत पुन्हा हेंड्री. या सामन्यात हेंड्री १४७ करतो आणि जिमी ते खुर्चीतून बघतो. १६-१२ने हार. त्याच वर्षी त्याला वृषणाचा कर्करोग झाल्याचं निदान होतं आणि शस्त्रक्रिया होते. पैशांची ओढाताण सुरू होते, क्रमवारी घसरू लागते. इथून पुढे बहुतेकांच्या कारकिर्दीची गोष्ट संपते.

पण तुम्ही अजून परतू नका. १९९८चं क्रूसिबल. पहिली फेरी, समोर हेंड्री, आणि जिमी १०-४ने जिंकतो. मग २००४, ग्लासगो. एक्केचाळीस वर्षांचा जिमी प्लेयर्स चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात पॉल हंटरशी खेळतो आहे. हंटर पंचविशीचा, देखणा, नुकताच मास्टर्स जिंकून आलेला. जिमी ९-७ने जिंकतो. बारा वर्षांनी मिळालेलं मानांकन स्पर्धेचं विजेतेपद, कारकिर्दीतलं दहावं. तुम्हाला ठाऊक आहे की हा हसणारा हंटर अडीच वर्षांत कर्करोगाने जाणार आहे, जेमतेम सत्ताविसाव्या वर्षी. तुमची अट इथे सर्वांत जड होते. आणि कारकीर्द मिळणं, ती चढणं आणि उतरणं हेसुद्धा प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, हे इथेच कळतं.

२००६ नंतर जिमीला जागतिक अजिंक्यपदाच्या मुख्य फेरीत प्रवेश मिळालेला नाही. तरी तो वर्षानुवर्षं पात्रता फेरी खेळत राहिला. तिथे प्रेक्षक मूठभर असतात आणि समोर असतात मुलाच्या वयाचे प्रतिस्पर्धी. २०२१ मध्ये अशाच एका पात्रता सामन्यात, नऊ वर्षांच्या निवृत्तीनंतर परतलेला हेंड्री त्याच्यासमोर येतो आणि जिमी ६-३ने जिंकतो. पुढच्या वर्षी, वयाच्या साठाव्या वर्षी, तो यूके चॅम्पियनशिपची मुख्य फेरी गाठतो. तीच स्पर्धा त्याने तीस वर्षांपूर्वी, १९९२च्या पराभवानंतर काही महिन्यांतच जिंकली होती.

शेवटचा थांबा, ऑगस्ट २०२०. ठिकाण तेच, शेफील्डचं क्रूसिबल. वर्ल्ड सीनियर्स स्पर्धेचा अंतिम सामना. जिमी व्हाइट माजी जगज्जेत्या केन डोहर्टीला ५-४ने हरवतो. आदल्या वर्षीही त्याने इथेच हा किताब जिंकला आहे. हे ते अजिंक्यपद नाही, आणि तसं तोही म्हणत नाही.

आता परत या आणि निवाडा करा. सहा अंतिम सामने, सहा पराभव, एवढंच मोजायचं असेल तर जिमी व्हाइट हरलेला खेळाडू आहे. पण या खेळात जिंकणं काही अंशी दुसऱ्याच्या हाती असतं, कारण तो टेबलावर असताना आपल्याला बसूनच राहावं लागतं. आपली पाळी आली की पुन्हा उठायचं की नाही, एवढंच आपल्या हाती असतं. जिमी प्रत्येक वेळी उठला. जगज्जेतेपद न मिळवलेल्या खेळाडूंमध्ये तो सर्वश्रेष्ठ आहे, असं त्याच्याबद्दल सरसकट बोललं जातं. माझ्या मते त्याची खरी मिळकत याहून मोठी आहे: चाळीस वर्षांहून अधिक काळ तो व्यावसायिक खेळाडू म्हणून टेबलाशी आला आणि प्रेक्षक त्याच्यासाठी येत राहिले.